डोळा लागेपर्यंतच्या गप्पा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

वडिलांच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस त्यांना रात्री झोप लागत नव्हती. दुखणं औषधांनी आटोक्यात होतं, पण मनातली काळजी डोळ्याला डोळा लागू देत नव्हती. कुणी त्यांच्याशी बोलायला गेलं की ते उत्तर द्यायला सरसावून बसायचे आणि होती नव्हती ती पेंगही जायची. एका रात्री मी आणि ताई त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी बसून आपापसातच बोलत राहिलो. विषय होता घरातली जुनी छत्री. तिची मूठ आधी बदलली की कापड आधी बदललं, यावर आमचं एकमत होईना, आणि व्हावं अशी घाईही कुणाला नव्हती. मग प्रश्न निघाला की मूठ बदलली, कापडही बदललं, तर तिला अजून जुनी का म्हणायचं? वडील नाकातल्या नाकात हसले, कुशीवर वळले आणि थोड्या वेळाने त्यांचा श्वास संथ झाला.

तेव्हापासून मी या गप्पा ठरवून मारायला लागलो, कधी घरच्यांसाठी, कधी दूर राहणाऱ्या मित्रासाठी रेकॉर्ड करून. त्यात जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडतो. तुम्हाला विनोदी लेखक असण्याची गरज नाही. सोबत बोलणारं एक माणूस, अर्धा-पाऊण तास आणि पाल्हाळ लावायची तयारी एवढं पुरे. एरवी पाल्हाळ हा दोष मानला जातो. इथे तेच मुख्य कौशल्य आहे.

आधी समजून घ्या: हे का चालतं

झोप ही प्रयत्नाने येणारी गोष्ट नाही. निद्रानाशावर संशोधन करणारे कॉलिन एस्पी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हे नेमकेपणाने मांडलं. चांगली झोपणारी माणसं झोपेकडे लक्ष देत नाहीत, तसा निश्चय करत नाहीत आणि त्यासाठी धडपडतही नाहीत. ज्याची झोप बिघडली आहे तो या तिन्ही गोष्टी करतो. ‘आता झोपायलाच हवं’ म्हणून तो स्वतःवर पहारा ठेवतो आणि पहारेकरी कधी झोपत नसतो.

या पहाऱ्यावरून लक्ष हळूच दुसरीकडे न्यायचं, एवढंच गप्पांचं काम आहे. शांततेत ते होत नाही, कारण रिकाम्या जागेत काळज्या पसरतात. रंगलेली गोष्टही उपयोगाची नाही, कारण तिला ‘पुढे काय झालं?’ असतं. अर्धवट राहिलेलं काम पुरं झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं, असं मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांना १९२७ मध्येच त्यांच्या प्रयोगांत आढळलं होतं. उत्कंठेच्या जागी सोडलेली गोष्ट मनात तशीच टोचत राहते. दोन माणसांच्या निवांत गप्पांना असं ‘पुढे’ नसतं. कुठूनही ऐका, कुठेही सोडा, काही चुकत नाही.

मग विनोद कशाला हवा, नुसत्या गप्पा का नकोत? कारण थोडंसं हसू आलं की मन सैल पडतं. ऐकणाऱ्याला कळतं की इथे काही धोका नाही, कुणाला काही सिद्ध करायचं नाही आणि कुणी आपल्याकडून काही मागत नाही. शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी सार्वजनिक ठिकाणची हसण्याची सुमारे १२०० उदाहरणं टिपली. त्यांत हसण्याआधी खरोखर काही विनोदी बोललं गेलं असेल असे प्रसंग १० ते २० टक्केच निघाले. बाकीचं हसू ‘बरं, भेटू मग’ असल्या साध्या वाक्यांवर आलेलं. माणसं विनोदाला जेवढी हसतात त्याहून जास्त एकमेकांच्या सोबतीला हसतात. आपल्याला हवं ते हे सोबतीचं हसू.

मोठं हसू मात्र टाळायचं. पोट धरून हसताना श्वास तुटतो, नाडी जलद होते, माणूस उठून बसतो. खसखस पिकली की झोप गेली म्हणून समजा. ऐकणाऱ्याचे ओठ जरा हलले, नाकातून एक श्वास सुटला, एवढीच मजल गाठायची आहे.

पहिलं पाऊल: जोडीदार निवडा

एकट्याने बोलूनही झोपवता येतं, पण नवशिक्याने जोडीनेच सुरुवात करावी. एकटा माणूस बोलतो तेव्हा तो कुणाशी तरी बोलत असतो, आणि तो ‘कुणी’ म्हणजे अंथरुणात पडलेला माणूस. त्याच्यावर नकळत ऐकण्याची जबाबदारी येते. दोघं एकमेकांशी बोलत असले की तो मोकळा.

दोन्ही बाजू सारख्या ऐकू येऊ द्या. फोनवरच्या माणसाचं एकतर्फी बोलणं शेजारच्याला फार खुपतं, हा सगळ्यांचा अनुभव आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या लॉरेन एम्बरसन यांच्या गटाने २०१० मध्ये प्रयोग करून दाखवलं की संपूर्ण संभाषणापेक्षा अर्धं संभाषण लक्ष जास्त विचलित करतं, कारण न ऐकू येणारा भाग मन स्वतःच भरायला बघतं. म्हणून एकाचा आवाज स्पष्ट आणि दुसऱ्याचा पुटपुटता, असं होऊ देऊ नका.

जोडीदार हजरजबाबी नसला तरी चालेल. किंबहुना नसलेलाच बरा. ज्याला शेवटचा शब्द आपलाच हवा असतो तो या कामाचा नाही. ‘हं’, ‘तेही खरंच’, ‘असेल बुवा’ म्हणत तुमच्या वेगाने चालणारा माणूस शोधा. तुमच्या दोघांत आपुलकी असली तर ती आवाजात आपोआप उतरते. नसली तर कितीही हळू बोला, ऐकणाऱ्याच्या कानाला ते लगेच कळतं.

दुसरं पाऊल: विषय

नवशिके सगळ्यात जास्त चुका इथे करतात, म्हणून इथे जरा थांबतो.

विषय डोळ्यांसमोर आणता येणारा असावा. ऑक्सफर्डमध्ये अ‍ॅलिसन हार्वी आणि सुझाना पेन यांनी २००२ मध्ये निद्रानाश असलेल्या लोकांना झोपताना एखादं रमवणारं, सुखद दृश्य मनात आणायला सांगितलं. ज्यांना काहीच सूचना दिली नव्हती त्यांच्यापेक्षा या लोकांना लवकर झोप लागली. दृश्यांनी मन भरलं की काळजीच्या शब्दांना जागा उरत नाही. म्हणून वस्तू निवडा. खण, डबे, जिने, बटणं, पायपुसणी, दोऱ्यांची रिळं. ‘हल्लीची पिढी’ हा विषय नको, ‘जोडीतला हरवलेला एक मोजा’ हवा.

विषयात जिंकण्याहरण्यासारखं काही नसावं. पैसा, नोकरी, आजार, नातलगांची भांडणं, राजकारण यांतलं काहीही नको, अगदी गमतीनेसुद्धा नको. घड्याळाचाही उल्लेख नको. ‘अरे, एक वाजला’ हे वाक्य ऐकताच ऐकणारा उरलेल्या तासांचा हिशोब मांडायला लागतो. आणि झोपेबद्दल तर चकार शब्द काढू नका. ‘झोपला वाटतं’ या दोन शब्दांनी अर्ध्या तासाची मेहनत वाया गेलेली मी पाहिली आहे.

आणखी एक चूक सहज होते. बोलता बोलता आपण म्हणतो, ‘त्या नटाचं नाव काय बरं, तो नाही का…’ दोघंही आठवायला लागतात आणि तिकडे अंधारात तिसराही आठवायला लागतो. नाव सापडेपर्यंत तो टक्क जागा राहतो. असा प्रश्न चुकून निघालाच तर उत्तर लगेच देऊन टाका. कोडी, बेरजा, ‘सांग बरं कितवा होता तो’ हे सगळं याच जातीचं.

चालणारे काही विषय देतो, सुरुवातीला हेच घ्या: चादरीची घडी दोघांनी घालताना कोण कुणाकडे चालत येतं. रिकाम्या डब्यांची झाकणं. खुर्चीवर साचत जाणारा कपड्यांचा ढीग आणि त्यात सगळ्यात तळाशी काय असेल. पिशव्या ठेवायची पिशवी. ढगांपैकी आळशी ढग कोणता.

तिसरं पाऊल: विनोदाची धार काढा

रंगमंचावरचा विनोद उभा राहतो तो टोकावर. आधी ताण वाढवायचा, मग क्षणभर थांबायचं, मग टोक मारायचं. आपल्याला ताण वाढवायचा नाही, थांबायचं नाही आणि टोकही बोथट ठेवायचं आहे. गंमत वाक्यात असू द्या, पण तिच्यासाठी जागा करू नका. कुणी हसलं तर हसलं, तुम्ही पुढच्या वाक्यावर गेलेले असा.

आम्ही दोघं सराव करायचो तो एक नमुना देतो. दोन बहिणी खण आवरताहेत असं समजा.

– ही किल्ली कशाची गं?
– जुन्या कपाटाची असेल.
– ते तर आपण देऊन टाकलं.
– मग किल्ली का नाही दिली?
– तेव्हा सापडत नव्हती.
– आता सापडली.
– हो. आता कपाट सापडत नाही.
– त्यांना नेऊन द्यायची का?
– त्यांनी कुलूप बदललं असेल एव्हाना.
– हो, बदललंच असेल.
– मग राहू दे.
– राहू दे. कुठे ठेवू?
– होती तिथेच.

‘आता कपाट सापडत नाही’ ही यातली गंमत. ते वाक्य उचलून धरलं तर हशा येईल. इथे मात्र ते इतर वाक्यांच्याच पट्टीत म्हणायचं आणि दुसरीने तितक्याच शांतपणे ‘त्यांना नेऊन द्यायची का?’ म्हणत पुढे जायचं. शेवटी किल्ली जिथे होती तिथेच परत जाते, हेही लक्षात घ्या. काही बदललं नाही, काही राहिलं नाही. असा वळसा घेऊन मूळ जागी येणारा संवाद ऐकणाऱ्याला फार विसावा देतो.

चिमटे आणि टोमणे पूर्ण वर्ज्य. ‘तू म्हणजे वेंधळीच’ यात दिवसा गंमत असेल, रात्री मात्र ऐकणारा त्यात भांडणाची चाहूल शोधतो. गंमत वस्तूंची करा, माणसांची नको. नक्कल नको, वेगवेगळे आवाज काढणं नको, अश्लील तर नकोच. शब्दांवरच्या कोट्या एखाददुसऱ्या चालतात, पण कोटी समजायला डोकं चालवावं लागतं, म्हणून जपून.

मतभेद असावेत, पण उशीएवढे मऊ. एक म्हणतो पायपुसणं दाराबाहेर हवं, दुसरा म्हणतो आत. थोड्या वेळाने पहिला म्हणतो, ‘आतही चालेल म्हणा.’ आणि दुसरा म्हणतो, ‘नाही, बाहेरही बरं दिसतं.’ दोघांनी बाजू बदलल्या आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. हा प्रकार मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो कितीही वेळ चालवता येतो.

चौथं पाऊल: आवाज

नेहमीचं बोलणं एक मीटरवरून साधारण ६० डेसिबल भरतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपेच्या खोलीतल्या सततच्या आवाजासाठी ३० डेसिबल ही मर्यादा सुचवली होती आणि एकेकट्या आवाजासाठी ४५. आपल्या गप्पा सुरुवातीला ऐकू यायला हव्यातच, त्यामुळे तीस गाठायची गरज नाही. पण दिवसाच्या आवाजात बोलून भागणार नाही, एवढं या आकड्यांवरून ध्यानात येतं.

मात्र कुजबुजू नका. कुजबुज ऐकली की माणूस कान टवकारतो, काहीतरी लपवलं जातंय असं वाटतं. शिवाय कुजबुजण्यात ‘स’ आणि ‘श’ टोचतात. छातीतून येणारा, खालच्या पट्टीतला, पूर्ण आवाज लावा आणि तो लहान ठेवा. वाक्याच्या शेवटी सूर खाली आणा. प्रश्नसुद्धा खाली येणाऱ्या सुरात विचारता येतो. त्याचा सराव करा, सुरुवातीला अवघड जातं.

वेगासाठी एक सोपी युक्ती: वाक्य संपलं की पूर्ण श्वास सोडा, नवा घ्या, मगच पुढचा बोलेल. पण ही विश्रांती दर वेळी सारखीच ठेवा. कधी एक क्षण, कधी पाच, असं झालं की ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो.

ऐकणाऱ्याचं नाव घेऊ नका. ऑस्वाल्ड, टेलर आणि ट्राइसमन यांनी १९६० मध्ये झोपलेल्या माणसांना नावांची यादी ऐकवली. स्वतःचं नाव आलं की त्यांच्या मेंदूच्या लहरींत आणि हालचालींत प्रतिसाद उमटत होता. झोपेतही कान नावासाठी उघडे असतात. त्याच्याशी संबंधित माणसांची, त्याच्या मुलांची नावंही टाळलेली बरी.

बसायचं ते उशाशी नको, पायथ्याकडे बसा. दिवा मागे ठेवा. कुणाच्याही हातात मोबाइल नको.

पाचवं पाऊल: उतार

झोप लागायला बहुतेकांना १० ते २० मिनिटं लागतात, झोप बिघडलेल्याला अर्थातच जास्त. तुम्ही चाळीस मिनिटांची तयारी ठेवा. सगळी गंमत पहिल्या दहा-बारा मिनिटांत वापरा, जेव्हा ऐकणारा खरंच ऐकत असतो. मग तिचं प्रमाण कमी करत न्या. विसाव्या मिनिटाच्या पुढे विनोद अजिबात नको, फक्त वर्णन: खणात आणखी काय होतं, ते कुठल्या रंगाचं होतं, त्याच्या शेजारी काय होतं.

ऐकणारा अधूनमधून ‘हं’ करत असेल. ते ‘हं’ लांबत जाईल, मग थांबेल. इथे आनंदाने गप्प होऊ नका. आवाज एकदम तुटला की हलकी झोप मोडते. आणखी आठ-दहा मिनिटं बोला, आवाज लहान करत जा, वाक्यांमधलं अंतर वाढवत जा. या काळात त्याचा हात किंवा पाय एकदम दचकेल कदाचित. झोपेत शिरताना असा झटका पुष्कळांना येतो, त्यात काळजीचं काही नाही. तुम्ही त्याच सुरात बोलत राहा.

रेकॉर्ड करायचं असेल तर

समोर बसून बोलणं शक्य नसेल तेव्हा रेकॉर्डिंग चालतं, पण काही गोष्टी बदलतात. सुरुवातीला संगीत नको, शेवटी तर नकोच. मागून हशा जोडू नका. आवाजाची पातळी सबंध तुकड्यात एकसारखी ठेवा. पॉडकास्टसाठी अ‍ॅपल सुमारे उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणारी आवाजाची पातळी मोजायचं एकक) ही पातळी सुचवतं, ती धरून चाला. मुख्य म्हणजे मधेच उसळणारे आवाज कापा: टेबलाला लागलेला धक्का, खोकला, खुर्चीची करकर. माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, त्यामुळे तिथला आवाज थोडा दाबला की बोलणं मऊ लागतं. ‘स’ फारच टोचत असेल तर डी-एसर, म्हणजे रेकॉर्डिंगमधले असे टोचरे ध्वनी दाबणारी सोय, वापरा. तोंड मायक्रोफोनच्या जरा बाजूला ठेवलं तर ती वेळही येत नाही.

ऐकणाऱ्याला सांगा की स्लीप टायमर लावायचा आणि फोन उलटा ठेवायचा. आवाज हळूहळू कमी करत नेणारा टायमर मिळाला तर उत्तम. कानात काही घालण्यापेक्षा बाजूला ठेवलेला लहान स्पीकर बरा. वायरचे इअरफोन गळ्याभोवती येऊ शकतात. गाडी चालवताना हे कुणीही ऐकायचं नाही, हे आधीच बजावून ठेवा. आणि जाहिराती आपोआप मधे घुसतील अशा ठिकाणावरून ऐकवू नका.

ऐकणाऱ्याचं मन फारच भरलेलं असेल तेव्हा

काही रात्री उद्याच्या कामांची गर्दी एवढी असते की गप्पा बाहेरच राहतात. मग गप्पांआधी पाच मिनिटं त्याच्या हातात कागद द्या आणि उद्या करायच्या गोष्टी लिहायला सांगा. बेलर विद्यापीठातल्या मायकल स्कलिन यांच्या गटाने २०१८ मध्ये ५७ तरुणांवर हे करून पाहिलं. झालेल्या कामांबद्दल लिहिणाऱ्यांपेक्षा पुढच्या कामांची यादी करणाऱ्यांना लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी जास्त लवकर. कागद बाजूला ठेवला की गप्पा सुरू करा.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप येत नसेल आणि असं तीन महिने चाललं असेल, तर त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. तिथे गप्पा सोबतीला असू द्या, पण डॉक्टरांना दाखवाच. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांच्या अशा निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून विचार आणि सवयी बदलणारी वर्तनोपचार पद्धत सुचवली आहे, गोळ्या त्यानंतर. झोपेत घोरताना मधेच श्वास थांबत असेल, तर तीन महिने वाट बघू नका. दुःखात बुडालेल्या माणसाला तर आधी मनातलं बोलू द्या. त्या रात्री तुम्ही ऐका.

सकाळी

पहिला आठवडा रोज सकाळी एकच प्रश्न विचारा: ‘काल शेवटचं काय आठवतंय?’ झोप लागली का, किती वेळ लागला, असलं काही विचारू नका, नाहीतर रात्री तो परीक्षेला बसल्यासारखा अंथरुणात पडेल. आठवणारी शेवटची गोष्ट ही प्रत्यक्ष झोपेच्या क्षणाच्या जरा आधीची असते, कारण झोप लागण्याआधीची काही मिनिटं पुष्कळदा स्मरणात राहतच नाहीत. उत्तर कुठेतरी टिपून ठेवा. ‘झाकणांपर्यंत’, ‘किल्ली परत ठेवली तिथवर’. दिवसागणिक हे ठिकाण गप्पांच्या सुरुवातीकडे सरकायला लागलं तर तुमचं बरोबर चाललं आहे. सरकत नसेल तर आधी विषय बदला, मग वेग, जोडीदार सगळ्यात शेवटी.

त्या खुणेच्या पुढचं सगळं न ऐकलेलंच असतं, ते दुसऱ्या रात्री तसंच्या तसं पुन्हा वापरता येतं. आमची छत्री अकरा रात्री पुरली.